बुडालेल्यांचा होकार

जितेश तांडेलची बोट बुडाली त्याला चार वर्षं झाली, आणि त्याच वर्षी त्याने सागरी पदपथाला मंजुरी दिली.

हर्षलाला हे कळलं भर बाजारात. ती सुरमईचे तुकडे करत बसली होती, समोर गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं होतं, आणि शेजारच्या दीप्तीने आपला फोन तिच्या कानाशी आणून धरला. दीप्तीचा नवराही त्याच बोटीवर होता. फोनमधून जितेश बोलत होता. तोच जरासा बसलेला आवाज, वाक्य संपताना तेच अर्धवट हसू. "आमच्या बायांना चालायला चांगली वाट पायजे. या पदपथाला माजी पूर्ण संमती हाय."

हर्षलाच्या हातातला सुरा माशात तसाच रुतून राहिला. चार वर्षं ज्या आवाजासाठी तिचा जीव तळमळला होता तो ऐकून तिला खरं तर रडू यायला हवं होतं. तिला आला तो संताप. घरात होता तेव्हा बायकोला विचारल्याशिवाय या माणसाने साधं जाळं घेतलं नव्हतं, आणि आता बेपत्ता असताना तो पदपथासाठी मासळी सुकवायची जागा परस्पर देऊन मोकळा झाला होता. तिने मासे दीप्तीच्या हवाली केले, हात धुतले आणि ती तरातरा निघाली.

आता हा प्रकार काय होता ते सांगायला हवं. पूर्वी कुठे रस्ता, धक्का किंवा कारखाना व्हायचा असेल तर जनसुनावणी होत असे. मांडव पडे, साहेब येत, लोक शिरा ताणून बोलत, ऐन वेळी माइक बंद पडे आणि पुढे वर्षानुवर्षं कोर्टात तारखा पडत. त्यावर शहाण्यासुरत्या लोकांनी तोड काढली, तिचं नाव 'जनप्रतिमा'. माणसाचं फोनवरचं बोलणं, आवाजी निरोप, सभांमधली भाषणं, तो कुठे जातो, काय विकत घेतो, कशावर हसतो आणि कशावर चिडतो, हे सगळं एकत्र करून प्रत्येक प्रौढ माणसाचं एक गणिती रूप तयार केलं जाई. त्याला प्रश्न विचारला की तो माणूस काय म्हणेल याचा अंदाज ते त्याच्याच आवाजात सांगे. यात जादू काही नव्हती. वीस वर्षं नांदलेली बाई नवरा पहिला घास घेऊन काय बोलणार ते आधीच सांगू शकते. हे यंत्र लाखो घरांत एकाच वेळी नांदलं होतं, एवढाच फरक. जिवंत माणसांशी ताडून पाहिलं तेव्हा शंभरातली नव्वदहून जास्त उत्तरं जुळली, आणि सरकारने कायदाच करून टाकला. आता सगळ्यांचं म्हणणं ऐकलं जाईल, कोणाला मांडवात यायला नको, कोणाचा रोजगार बुडायला नको.

मेख तीन ठिकाणी होती. माणूस ज्या गोष्टीबद्दल कधी बोललाच नसेल, तिथे यंत्र त्याच्यासारख्या दुसऱ्या माणसांच्या बोलण्याचं ठिगळ लावी. आणि आपली प्रतिमा चुकीचं बोलली असं वाटलं, तर महिन्याच्या आत स्वतः येऊन ती दुरुस्त करायची मुभा होती. ऐन हंगामात फोनवर आलेली ती सूचना कोळीवाड्यात कोणी वाचली नव्हती. मेलेल्यांच्या प्रतिमा बंद होत. बेपत्ता माणसांचं काय, हा प्रश्न थंडगार दालनात बसून कायदा लिहिणाऱ्यांना पडलाच नाही. कायद्याच्या लेखी सात वर्षं तो माणूस जिवंत.

आणि हरवंड्याच्या कोळीवाड्यात तर कायद्याहूनही जुनी रीत होती. दर्याने काहीतरी परत दिल्याशिवाय, एखादा सदरा, बोटीची फळी, काहीही, माणूस गेला असं इथे कोणी म्हणत नाही. बायको बांगड्या उतरवत नाही. नारळी पौर्णिमेला त्याच्या नावाचा नारळ निघतो. आणि त्याची वलांडी रिकामी राहते. बोंबील सुकवायला वाळूत खांब रोवून त्यांवर दोऱ्या ताणतात, तिला वलांडी म्हणतात. प्रत्येक घराची आपली वलांडी. माणूस दर्यावर हरवला की तिच्या दोऱ्या दरवर्षी नव्या बांधायच्या, पण तो येईपर्यंत तिच्यावर एक बोंबील टाकायचा नाही. जितेशच्या बोटीवर सहा जण होते, सगळे एकाच आळीतले. त्यामुळे समुद्राच्या अंगाला ओळीने सहा वलांड्या चार वर्षं उघड्या उभ्या होत्या.

घरी सासू नव्हती. गुलाबबाय या वेळी जाळं शिवत ओट्यावर बसलेली असते, अशी हर्षलाची समजूत होती. शेजारणीने मान वळवून पंचायतीकडे बोट दाखवलं आणि ती घरात निघून गेली. तिने नजर का चुकवली ते हर्षलाला पंचायतीच्या सुविधा केंद्रात पाऊल ठेवल्यावर कळलं.

कोपऱ्यात काचेची एक खोली होती. आत पडद्यासमोर खुर्चीवर गुलाबबाय पाय वर घेऊन बसली होती, घरी लेकासमोर बसायची तशी. पडद्यावर पदपथाचं रंगीत चित्र होतं, दिवे, बाकडी, हातात हात घालून चालणारी जोडपी. चित्रामागून जितेश बोलत होता. पदपथाची रुंदी सांगत होता. गुलाबबायचे डोळे मिटलेले होते.

"अजून माहिती ऐकायची हाय का, बय?" जितेशने विचारलं.

"हो रे, सांग," गुलाबबाय म्हणाली.

हर्षला काचेबाहेर खिळून उभी राहिली. तो पुढे दिव्यांच्या वीजबचतीबद्दल सांगू लागला, आणि त्याची आई एखादा अभंग ऐकावा तशी ते ऐकत होती. बाहेर दोन बाया आपली पाळी यायची वाट बघत बसल्या होत्या. दोघींचे लेक त्याच बोटीवर होते. दोन महिने हे चाललं होतं, अख्ख्या आळीला माहीत होतं, आणि तिला एकटीला कोणी सांगितलं नव्हतं.

गुलाबबाय बाहेर आली. सुनेला बघून ती दचकली, मग तिने पदर सावरला आणि सरळ चालू लागली. हर्षला तिच्यामागे गेली नाही. ती आत शिरली आणि खुर्चीवर बसली.

"बोल हर्षू," जितेश म्हणाला. घरातलं नाव. तेही यांनी सोडलं नव्हतं.

"त्या दिवशी वाऱ्याचा इशारा आला होता," ती म्हणाली. "मी नको बोलली होती. तरी जेलास कशाला?"

यंत्र क्षणभर थांबलं. मग त्याच बसक्या आवाजात, त्याच हसऱ्या शेवटासह उत्तर आलं. "यो प्रश्न प्रकल्पाच्या बाहेरचा हाय. पदपथाबद्दल काय इचारायचं हाय का?"

खुर्ची मागे कलंडली, इतक्या जोरात ती उठली.

सुनावणी अधिकारी देवव्रत सबनीस पलीकडच्या टेबलावर बसले होते. तिशीचा माणूस, बोलायला मऊ. त्यांनी पाणी मागवलं, आणि ती जे विचारेल त्याचं सरळ उत्तर दिलं. त्यांच्या त्या सरळपणाचा तिला जास्तच राग आला. उर्मट माणसाशी भांडता तरी येतं.

तिच्या नवऱ्याच्या होकाराला आधार काय, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. मच्छीमार सोसायटीची सभा, पंख्याची घरघर, आणि जितेश उभा राहून तावातावाने बोलतोय. आमच्या बायांना चालायला चांगली वाट पायजे, किती वर्षं सांगायचं?

हर्षलाला ती सभा आठवत होती. त्याच्या आदल्या आठवड्यात ती बंदरावरच्या शेवाळलेल्या खडकांवरून डोक्यावरच्या टोपलीसकट घसरली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं. सभेत आयुष्यात तोंड न उघडलेला तिचा नवरा त्या दिवशी तिच्यासाठी भांडायला उठला होता. तेच वाक्य यांनी उचललं होतं.

"साहेब, तो बंदरापर्यंतची पायवाट मागत होता," ती म्हणाली. "टोपली घेऊन बाई पडू नये म्हणून. तुम्ही तर मासळी सुकवायची वाळूच आमच्याकडून काढून घेताय."

सबनीसांनी नकाशा फिरवून तिच्यापुढे केला. पदपथ सगळ्यांसाठी होता, तिकीट नव्हतं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना समुद्रकाठी मोकळं चालता यावं असा चांगला हेतू होता. तो वाकडातिकडा जाण्याऐवजी त्या वाळूतून सरळ काढला, कारण ड्रोनच्या पाहणीत तो पट्टा चार हंगाम वापरात नसलेला दिसला. दोऱ्या आहेत, मासे नाहीत. पट्टा सोसायटीचा, म्हणून सभासदांची दोन तृतीयांश संमती लागत होती, आणि ती अगदी काठावर मिळाली होती. एकदा पदपथ झाला की वास आणि माश्यांमुळे आसपास मासळी सुकवायला बंदी. त्याबदली तीन किलोमीटरवर शेड.

हर्षला नकाशाकडे बघत राहिली. पदपथाची निळी रेघ सहाच्या सहा वलांड्यांवरून गेली होती. ज्यांची वाट बघत त्या रिकाम्या ठेवल्या, त्यांच्याच तोंडून त्या देऊन टाकल्या होत्या. याहून मोठी थट्टा कोणी ठरवून केली असती तरी जमली नसती.

"आणि ताई, राग मानू नका," सबनीस हळूच म्हणाले, "तुमच्या सासूबाई आणि त्यांच्याबरोबरच्या बाया प्रकल्पाच्या सर्वांत भक्कम समर्थक आहेत. त्या रोज येऊन माहिती घेतात. प्रत्येक वेळी 'अजून सांगा' म्हणतात. यंत्र ती अनुकूलता धरतं."

तिने एवढंच विचारलं, की हे थांबवायचं कसं. सबनीसांनी सांगितलं. स्वतःची प्रतिमा स्वतः येऊन दुरुस्त करता येईल, मुदत संपली असली तरी अंतिम सुनावणीपर्यंत ते चालवून घेतील. जितेशची प्रतिमा बंद करायला एकच मार्ग होता. बोट बुडाल्याची नोंद होतीच. बायकोने आणि आईने, दोघींनी, अंतिम सुनावणीत समोर उभं राहून तो मरण पावला असं सांगायचं.

त्या संध्याकाळी तांडेलांच्या घरात जे भांडण झालं ते आळीने भिंतीआडून ऐकलं. हर्षलाने सांगायला सुरुवात केली आणि गुलाबबायने पहिल्या वाक्याला हातातली परात आपटली. चार वर्षं दोघी एका ताटात जेवल्या होत्या, एकीने रडायला घेतलं की दुसरी चूल पेटवायची. ते सगळं एका घटकेत फाटलं.

"तुना दुसरा नवरा मिलंल," गुलाबबाय म्हणाली. "मना दुसरा पोऱ्या मिलनार नाय."

हे वाक्य हर्षलाला लागलं, आणि लागलं म्हणून ती त्याहून वाईट बोलली. ती म्हणाली, की तो पोऱ्या तुमचं गिऱ्हाईक करून राहिलाय. तुम्ही रोज जाऊन हो म्हणता, म्हणून ते म्हणतात म्हातारीला रस्ता हवाय. तुमच्या मायेवर त्यांनी डांबर ओतलंय. गुलाबबायने कानावर हात ठेवले. दोन दिवस ती सुनेशी बोलली नाही, आणि दोन्ही दिवस ती केंद्रात गेली.

तिसऱ्या दिवशी अंतिम सुनावणी होती, सोसायटीच्या सभागृहात. कायद्याने ठेवलेली शेवटची औपचारिकता. पडदा उभारला होता, सबनीस होते, प्राधिकरणाचे दोन जण होते, आणि नेहमी अशा वेळी चार टाळकी जमत तिथे आज अख्खा कोळीवाडा आला होता. हर्षला दीप्तीसोबत मागे भिंतीला टेकून उभी होती. एकटीच्या सांगण्याला किंमत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. तरी ती आली होती, कारण घरी बसली असती तर तिने भांडी फोडली असती.

ज्यांना आपली प्रतिमा दुरुस्त करायची होती त्यांनी केली. सबनीस बेरीज वाचू लागले. अजूनही संमती पुरी होत होती, ती या सहा नावांच्या जोरावर. ते कागद आवरायला लागले तेव्हा पहिल्या रांगेतून गुलाबबाय उठली. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, केसांत अबोलीची वेणी. ती पडद्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, की मना माज्या पोऱ्याशी बोलायचं हाय. सगळ्यांच्यासमोर.

सबनीसांनी मान हलवून परवानगी दिली. जितेशचा आवाज सभागृहात घुमला आणि मागच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला.

"बोल बय."

"वाट झाली की आमी बोंबील कुठं सुकवायचं?"

"तीन किलोमीटरवर शेड हाय, बय. पानी हाय, छप्पर हाय. तुमचीच सोय हाय."

"तवरं चालायचं? माज्या गुडघ्याचं काय?"

यंत्र जराही अडलं नाही. हे त्याला चांगलंच माहीत होतं, शेकडो आवाजी निरोपांत हे होतं. "गुडघ्याला तेल लाव, बय. किती येला सांगू?"

सभागृहात काही जण हसले, कारण जितेश अगदी असंच म्हणायचा. गुलाबबायही हसली. तिने पडद्याकडे बघून मान डोलावली, लेकाचं कौतुक करावं तशी, आणि मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. हर्षलाने तो चेहरा यापूर्वी एकदाच बघितला होता, चार वर्षांपूर्वी, शोधाला गेलेल्या बोटी रिकाम्या आल्या तेव्हा. तेव्हा त्यात भीती होती. आज ती नव्हती.

गुलाबबाय सबनीसांकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता.

"बोलायचा तो असाच," ती म्हणाली. "तेल लाव, तेल लाव. पन बोलून झालं की माजी टोपली तो उचलायचा. बोलल्यावर टोपली उचलली नाय, असं एकदा झालं नाय. यो नुस्ता बोलतं."

पडद्यावरून जितेशने विचारलं, अजून माहिती ऐकायची हाय का, बय.

"नाय," गुलाबबाय म्हणाली. "लिवा साहेब. माजा पोऱ्या दर्यान मेला."

सबनीसांनी खाली बघून काहीतरी टिपलं, आणि मग भिंतीकडे बघितलं. आता बायकोने सांगायचं होतं. हर्षला पुढे आली. तिनेच तर हा हट्ट धरला होता, त्यासाठी सासूशी वैर घेतलं होतं, आणि आता पडद्यापुढे येऊन ती थबकली. समोर जितेश होता, निदान त्याचा आवाज होता, आणि तो बंद करायचं बटण म्हणजे तिचं तोंड होतं. तिला एकाएकी सगळ्यांचाच राग आला. इशारा असताना गेलेल्या नवऱ्याचा, मऊ बोलणाऱ्या साहेबाचा, तिने कधीच विचारला नसता असा प्रश्न तिच्या दारात आणून टाकणाऱ्या त्या कायद्याचा. बाईने नवरा मेला म्हणायचं, ते कशासाठी? तर कोणाला तरी संध्याकाळी फिरायला जायचं आहे म्हणून.

"माझा नवरा जितेश तांडेल चार वर्षांपूर्वी बुडून मेला," ती मोठ्याने म्हणाली. "त्याने तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही. तुम्हाला जे ऐकायचं होतं ते तुम्ही त्याच्या आवाजात स्वतःला सांगितलंत."

पडदा काळा झाला. पुन्हा विचारू लागलेल्या जितेशचं 'बय' मध्येच तुटलं.

तिच्यामागून दीप्ती आली, मग त्या दोन आया आल्या, मग बाकीचे. सहाही नावं निघाली. काहींनी रडत सांगितलं, काहींनी शिव्या देत. शेवटी सबनीसांनी संमती पुरेशी नसल्याचं वाचून दाखवलं आणि पदपथाचा आराखडा परत पाठवत असल्याचं जाहीर केलं. नवा आराखडा येईल, रेघ दुसरीकडून काढतील, असंही ते म्हणाले. मग माणूस भला असल्यामुळे त्यांनी एक दिलासा दिला. आज सगळे जे बोलले ते त्यांच्या प्रतिमांमध्ये नोंदलं गेलं आहे, त्यामुळे पुढच्या वेळी कोणाला यायची तसदी पडणार नाही.

"पडंल," गुलाबबाय म्हणाली. "आमी येऊ."

बाहेर ऊन तापलं होतं. हर्षलाने सासूचा हात धरायला हात पुढे केला, तो गुलाबबायने झिडकारला. तिचा राग गेला नव्हता आणि तो लवकर जाणारही नव्हता. गुडघा ओढत ती वाळूत उतरली. सकाळच्या बोटीचे ओले बोंबील टोपल्यांत पडले होते, दोऱ्यांवर टाकायचे राहिले होते. गुलाबबाय टोपलीशी वाकली. टोपली तिला उचलेना. हर्षलाने ती उचलली आणि सासूच्या मागोमाग चालू लागली.

गुलाबबाय भरल्या वलांड्या ओलांडून पुढे गेली आणि समुद्राच्या अंगाला, जितेशच्या वलांडीपाशी थांबली. दोऱ्या गेल्याच हंगामात नव्या बांधलेल्या होत्या. तिने दोन बोंबील घेतले, त्यांचे जबडे एकमेकांत अडकवले आणि जोडी दोरीवर टाकली. मग दुसरी टाकली. हर्षला टोपली धरून उभी होती. पलीकडच्या रिकाम्या वलांडीवर दीप्तीनेही टाकायला सुरुवात केली होती.